सात चौकटींचं कार्ड

“समुपदेशक रजेवर होता, त्याची शिक्षा याला?” सिस्टरनं कार्ड टेबलावर आपटलं. कोपऱ्यातल्या वजनकाट्याचा काटा पाच किलोवर जाऊन परत आला. बाकावरचे पेशंट हे आजही शपथेवर सांगतात.

“शिक्षा कसली? नियम आहे,” कार्यवाह म्हणाले. हा वस्तीतला दवाखाना ज्या संस्थेचा, तिचे ते कार्यवाह. पाठीमागं सगळे त्यांना शिस्तअण्णा म्हणत. “सहावी चौकट कोरी आहे. कोरी म्हणजे कोरी. पुन्हा पहिल्या दिवसापासून.”

पाच महिन्यांपूर्वी एक प्रशिक्षक ताई येऊन तीन दिवस सगळ्यांना शिकवून गेल्या होत्या. गर्दची तलफ मारणारी गोळी, जिभेखाली ठेवायची, माणूस मरता मरता वाचतो; आला त्या दिवशी द्या, अटी घालू नका. शिस्तअण्णांनी पहिल्या रांगेत बसून मान अशी डोलावली की मागच्यांना पंखा लावावा लागला नाही. ताईंची पाठ वळली आणि यांनी कार्ड छापून घेतलं. सलग सात दिवस नशा बंद, सलग सात दिवस समुपदेशन, सात चौकटींत सात सह्या, मगच गोळी. म्हणजे पाय मोडलेल्यानं आधी आठवडाभर धावून दाखवायचं, मग प्लास्टर! खोका कपाटात, कपाटाला कुलूप, चावी अण्णांच्या खिशात. दर महिन्याला ताईंचा फोन आला की अण्णा गोड आवाजात सांगत, “अंमलबजावणी पूर्ण!”

आज बाकावर, ज्याच्या कार्डाची सहावी चौकट कोरी होती तो वेल्डर बसला होता. नाक वाहत होतं, जांभया थांबत नव्हत्या, हातांवर काटा उभा राहिला होता. पहिल्या गोळीसाठी माणूस नेमका नशा तुटल्याच्या अशाच अवस्थेत लागतो, हे सिस्टर त्या तीन दिवसांत शिकली होती.

“सिस्टर, जाऊ द्या,” तो म्हणाला. “मी जातो. तुमचं भांडण नको.”

“कुठं जातोस? त्या पुलाखाली, पुडी घ्यायला?”

त्यानं चपलेत पाय सरकवला. म्हणजे तिथंच.

“गप बस तिथं. उठलास तर तंगडी मोडीन, आणि मग त्याचंही कार्ड काढायला लावीन.”

डॉक्टर आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आठवड्यातून दोनदा यायचे. वयानं सिस्टरच्या धाकट्या भावाएवढे आणि अण्णांना भिणारे. “मी लिहून देऊ शकतो,” ते हळूच म्हणाले, “पण कपाट...”

“तुम्ही लिहा हो. कपाटाचं मी बघते.”

“सिस्टर, तुमचा आवाज!” अण्णा उठले. “अहो, यांना शिस्त लागली पाहिजे. फुकट मिळालं की किंमत राहत नाही.”

सिस्टर एकदम शांत झाली. ती ओरडायची तेव्हा लोक हसायचे. शांत झाली की बाकावरचा खोकलासुद्धा थांबायचा. तिनं खणातून दुसरं कार्ड काढलं. सहा सह्या, सातवी चौकट रिकामी.

“रंगाऱ्याचं आहे. सहा दिवस घाम गाळत, ओकत आला. सातव्या दिवशी सकाळी त्याची बायको आली. म्हणाली, ते वारले रात्री, पुलाखाली, पण कार्ड दवाखान्याचं आहे ना, परत द्यायला आले. मी तिला बसायलासुद्धा सांगितलं नाही, अण्णा. मला सुचलंच नाही. कार्ड घेतलं आणि खणात टाकलं. या सगळ्यांना सह्या गोळा करायला कोण पाठवत होतं? मीच. पाच महिने मीच.”

तिनं पेन त्यांच्यापुढं ठेवलं.

“आता ही सातवी चौकट तुम्ही भरा. तुमच्या अक्षरात. गैरहजर का, ते लिहा.”

अण्णांनी पेन उचललं. टोपण काढलं. चौकट अंगठ्याच्या नखाएवढी होती, तरी त्यांना तिच्यात काय लिहावं ते सापडेना. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी खिशात हात घातला आणि चावी टेबलावर सरकवली. सिस्टरकडे बघितलं नाही.

“ताईंना मीच फोन करणार आहे,” चावी उचलत सिस्टर म्हणाली. “पाच महिन्यांत किती गोळ्या दिल्या, तो आकडा सांगणार आहे.”

डॉक्टरांनी लिहिलं. वेल्डरनं जीभ वर केली, सिस्टरनं गोळी ठेवली. “गिळायची नाही. पाणी नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. दहा मिनिटं.”

अण्णांनी रजिस्टर उघडलं. नियमाचे शेवटी ते पक्के. “नाव काय रे तुझं? पूर्ण नाव सांग.”

वेल्डरनं तोंड मिटूनच मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. जणू हलला तर गोळी सांडेल.

“त्याला आत्ता बोलायचं नाही,” सिस्टर म्हणाली. “थांबा.”

शिस्तअण्णा रजिस्टर छातीशी धरून त्याच्यासमोर उभे राहिले. खुर्ची होती, पण ते बसले नाहीत.