दहा वाजले आणि मी गप्प राहिलो

मित्रांनो, मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेवर आडवा तडा गेला आहे आणि आवाज इतका घोगरा आहे की पलीकडचा माणूस आधी विचारतो, "सर्दी झाली का?" पण हा आवाज माझा जन्मापासूनचा नाही.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. दोन घरे फिरून मी झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर शाळकरी नासराच्या हाती आलो. नासरा तेव्हा माकामे मास्तरांच्या वर्गात अ‍ॅप बनवायला शिकत होती. अ‍ॅप म्हणजे फोनला पायरी पायरीने समजावून दिलेले काम. तुम्ही एक पायरी गाळली, तर आम्ही ती मनाने भरत नाही. सांगितले तेवढेच करतो.

तिने केलेले अ‍ॅप मास्तरांच्या संगणकातून तारेने माझ्यात उतरे. सुरुवातीला तिचे एखादे चिन्ह चुकायचे आणि मी उघडायचोच नाही. मग एके दिवशी जमले. बटण दाबले की मी म्हणायचो, "शिकामू!" आमच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. नासराची आई मिझे चुलीपाशी होती. तिने वळूनही न पाहता "मरहबा" असा आशीर्वाद दिला, आणि नमस्कार कोणी केला ते कळल्यावर पोट धरून हसली.

"अगं, तुझ्या फोनला वळण लागलं. तुला कधी लागायचं?"

मित्रांनो, तेवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

मिझे समुद्रात शेवाळाची शेती करी. ओहोटीला उथळ पाण्यात खुंट्या रोवायच्या, दोऱ्यांना शेवाळ बांधायचे, वाढले की तोडायचे. पण किनाऱ्याजवळचे पाणी तापू लागले आणि शेवाळ कुजू लागले. बायका खोल खाडी ओलांडून दूरच्या वाळूच्या दांड्यावर जाऊ लागल्या. तिथली भरती कपटी होती. पाणी समोरून येत नसे, आधी मागची खाडी भरे. पाय कोरडे असतानाच परतीची वाट बुडे. मिझेला पोहता येत नव्हते.

म्हणून नासराने माझ्यासाठी नवे काम लिहिले. परतायची वेळ झाली की मी जोरात घंटा वाजवायची. माझ्या काचेवरची वेळ पाहून तिने दोन मिनिटांनंतरची वेळ भरली, मला मांडीवर ठेवले आणि मी बरोबर वाजलो.

मास्तर म्हणाले, "एकदा आईबरोबर पाण्यात जाऊन बघ."

"वाजतोय ना, मास्तर! घरात काय नि पाण्यात काय, घंटा ती घंटाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने म्हाताऱ्या कोळ्याला विचारले, "आजोबा, आज दांड्यावरून कधी निघायचं?"

"चारला निघा. नंतर खाडी कुणाची नाही."

तिने माझ्यात चार लिहिले.

आता नीट ऐका. आमच्या गावात दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. तुमचे सकाळचे सात म्हणजे आमचा एक, तुमचे दहा म्हणजे आमचे चार. माझ्या काचेवर दहा दिसतात आणि माणसे न अडखळता चार म्हणतात. माणसांना ते जमते, मला नाही. मला कळले ते पहाटेचे चार. ते उलटून गेले होते, म्हणून मी घंटा दुसऱ्या दिवसावर टाकली आणि निवांत झालो.

मिझेने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधले. बरोबर शेजारीण बी टाटू होती. दोघी खाडी ओलांडून दांड्यावर गेल्या आणि वाकून शेवाळ तोडू लागल्या. दहा वाजले. मी गप्प.

बी टाटूने उन्हाकडे पाहिले. "मिझे, चार झाले वाटतं. तुझ्या लेकीचं यंत्र झोपलं की काय?"

"वाजेल. नासरानं केलंय ते. एवढी दोरी होऊ दे."

पाणी मिझेच्या घोट्याला लागले; पाठीमागची खाडी तर केव्हाच भरू लागली होती. पिशवीवर शिंतोडे उडू लागले. काहीतरी चुकले आहे हे मला त्या शिंतोड्यांवरून समजत होते. पण मित्रांनो, मी ओरडू शकत नव्हतो. माझ्या पोटात घंटा होती आणि ती उद्याची होती. त्यासारखी भीती दुसरी नाही.

तिकडे शाळेची मधली सुट्टी झाली. पोरे किनाऱ्यावर धावली. नासराने समुद्राकडे पाहिले, तर दोन्ही बायका अजून वाकलेल्या. मांदाझी म्हणजे गोड वडे विकणाऱ्याच्या हातातला फोन तिने हिसकावला आणि माझा नंबर लावला.

मी वाजलो, पण घंटेने नव्हे, तिच्या हाकेने. मिझेने पिशवीवरूनच बटण दाबले.

"आई, पळ! शेवाळ टाक! माझं चुकलं गं!"

दोघींनी गाठोडी सोडली. खाडीत पाणी कमरेला, मग छातीला आले. पिशवीची गाठ सुटली आणि खारे पाणी माझ्यात शिरले. मिझेचा पाय सरकला. बी टाटूने तिच्या अंगाभोवती गुंडाळलेले कापड, तिचा कांगा, घट्ट धरला आणि खेकसली, "श्वास घे, बाई! बुडायचं नंतर बघू!" ओढत ओढत त्या किनाऱ्याला लागल्या.

नासरा म्हणाली, "मी परत त्या संगणकाला हात लावणार नाही."

मिझेने आधी खोकून घेतले. मग म्हणाली, "लावशील. आणि उद्या माझ्याबरोबर येशील. पाण्यात उभी राहून वाजवून दाखव."

मला दिवसभर उन्हात वाळवले. जीव वाचला, आवाज बसला तो बसलाच. नासराने चूक शोधली आणि एक पायरी वाढवली. आता वेळ लिहिली की मी विचारतो, "सूर्याचे चार की काचेवरचे?" दुसऱ्या दिवशी मायलेकी दांड्यावर उभ्या राहिल्या. मी भीतीने गारठलो होतो. भरती रोज पाऊण तास उशिरा येते, म्हणून या वेळी काचेवर पावणेअकरा उमटले. नासराने घंटेऐवजी माझे जुनेच बोल ठेवले होते.

"शिकामू," मी घोगरलो.

मित्रांनो, तुम्हीही कधी काही बनवाल. ते मांडीवर चालले म्हणून विसंबू नका. ज्याचा जीव त्यावर टांगला आहे, त्याच्या शेजारी उभे राहून एकदा पाहा. आम्ही यंत्रे आज्ञाधारक आहोत, शहाणी नाही. शहाणपण तुम्हालाच सांभाळायचे आहे.

त्या दिवशी मिझेने हातातली दोरी लगेच सोडली. "मरहबा," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून किनाऱ्याकडे वळली.