आलो म्हणायची वेळ

मित्रांनो, मी एक जुनी निळी चकती आहे. चकती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काकडीची चकती आली असेल, तर ती बाजूला ठेवा. मी नेदरलँड्समधली पार्किंगची चकती आहे. इथे काही रस्त्यांच्या कडेला निळी रेघ मारलेली असते. तिथे गाडी फुकट लावता येते, पण दोनच तास. गाडी कधी लावली ते तपासनिसाला कळावं म्हणून मला पुढच्या काचेमागे ठेवतात. दिसायला मी घड्याळासारखी असले तरी माझ्या पोटात ना यंत्र ना सेल. कोणी हाताने फिरवलं तरच मी फिरते, आणि एकच गोष्ट सांगते: हे लोक किती वाजता आले. ते जाणार कधी, ते मला कोणी विचारत नाही आणि मला ठाऊकही नसतं.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पुठ्ठा कापला, निळा रंग चढवला, मधोमध खिळा ठोकला, झालं! द हेगमधल्या एका गॅरेजने मला बाळासाहेबांना फुकटात दिलं. फुकट मिळालेल्या वस्तूला लोक जपत नाहीत, पण बाळासाहेब निराळे. वकिलातीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी मला रुमालाने पुसायचा. माझ्यामुळे आपल्याला कधी दंड झाला नाही, असं चारचौघांत सांगायचा. ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी निहार आणि विशाखा या पुण्याच्या जोडप्याला विकली. मीही गाडीबरोबर गेले. किल्ली देताना बाळासाहेबांनी मला हातात धरून बजावलं, "हे बघा, आपण निघताना 'येतो' म्हणतो ना, ती वेळ इथे लावायची नाही. 'आलो' म्हणायची वेळ लावायची." विशाखा हसली. निहार फोनमध्ये डोकं खुपसून होता. तो नुसता "हो काका, हो काका" म्हणाला.

दोघं हूफडॉर्प नावाच्या गावी भाड्याने राहायची. निहार संगणकावरचं काम बहुधा घरूनच करायचा. विशाखा युट्रेख्टच्या विद्यापीठात गाईंच्या आजारांवर संशोधन करायची. भल्या पहाटे गावोगावच्या गोठ्यांत जाऊन दुधाचे नमुने आणायचे, ते दुपारपर्यंत प्रयोगशाळेत पोचवायचे. तिकडे बस फिरकत नाही, त्यामुळे गाडीवाचून तिचं पान हलत नसे.

मग घरमालकाने घर विकायला काढलं. आता राहायचं तर युट्रेख्टमध्येच, असं ठरलं, आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. जे घर आवडे ते परवडत नसे, आणि जे परवडे ते बघायला जाईपर्यंत दुसऱ्याचं झालेलं असे. उन्हाळा सरत आला. एकदा सिग्नलला थांबलेलं असताना निहार म्हणाला की घर मिळालं नाही तर सरळ पुण्याला परत जाऊ. विशाखाचं संशोधन अर्ध्यावर होतं आणि ते पुण्याला नेता येण्यासारखं नव्हतं. मला तिची दया आली.

अखेर शहराच्या कडेला एक घर बघायला बोलावणं आलं. खाली निळी रेघ होती. निहारने मला घाईघाईने फिरवलं आणि लावली ती परत निघायची वेळ! अहो, आता काय बोलायचं! तपासनीस बाई आल्या, मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. जी वेळ अजून झालीच नाही, त्या वेळेला ही गाडी आली म्हणते कशी? त्यांनी दंड केला. निहार खाली आल्यावर मलाच खराब म्हणाला. विशाखाला काकांचं बोलणं आठवलं आणि एवढ्या ताणातही तिला हसू फुटलं.

घर मात्र दोघांच्या मनात भरलं होतं. भाडंही झेपण्यासारखं होतं. फक्त एक मेख होती. त्या पत्त्याला रस्त्यावर कायम गाडी लावायचा परवाना मिळत नव्हता, म्हणून तर ते स्वस्त होतं. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. दोघं गाडीत बसून राहिली आणि पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

निहारने तोडगा काढला. तो घरीच असतो, दर दोन तासांनी खाली उतरेल आणि मला पुढे फिरवेल. गाडी जागची हलायलाच नको.

"निहार, ती आल्याची वेळ आहे," विशाखा म्हणाली. "गेलोच नाही आणि रोज खोटंखोटं आलो म्हणायचं? मला नाही जमणार."

"मग हे घर सोड."

विशाखाने मला काचेमागून उचललं आणि उगाच उलटसुलट केलं. मग ती हळूच म्हणाली, "गाडी मला शहरात लागतेच कुठे? गोठ्यांकडे लागते. मग तिने तिकडेच राहावं."

तिने तिथूनच मार्टाबाईंना फोन लावला. या बाईंच्या गोठ्यात ती नेहमी जायची. ट्रॅक्टरच्या वाटेत नको, बाकी कुठेही लाव, एवढंच त्या म्हणाल्या. आता पहाटेच्या आगगाडीने त्यांच्या गावच्या स्टेशनवर उतरायचं, पुढे सायकल हाणायची आणि तिथून आपली गाडी घेऊन गोठे फिरायचे. थंडीत हाल होणार होते, तरी विशाखाने घराला होकार कळवून टाकला.

सामान आणलं त्या दिवशी निहारने मला स्वतः लावलं, अगदी नीट, आल्याची वेळ. शेवटचं खोकं वर गेलं आणि विशाखा गाडी घेऊन गोठ्याकडे निघाली. जाताना तिने मला निहारच्या हातात दिलं. तिकडे कोंबड्या माझ्याकडे बघून काय करणार! निहारने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

आता मला काम नाही. फोडणीचे शिंतोडे उडतात, कडा पिवळी पडली आहे. रुमालाने कोणी पुसत नाही. मध्यंतरी बाळासाहेब आले होते, त्यांनी मला डोळ्यांशी नेऊन वेळ वाचली. ती अजून सामान आणलं त्याच दिवसाची आहे, निहारने बदललेली नाही. बाळासाहेब मला हळूच जागेवर ठेवून "येतो" म्हणाले आणि गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी काम संपलेली एखादी वस्तू असेल. तिला टाकू नका, अधूनमधून पुसा. आणि माझ्यासारखी एखादी भेटली तर उगाच फिरवू नका. काल पाऊस होता. विशाखा गोठ्याचा वास घेऊन, निथळत परतली. दार उघडलं, चपला काढल्या आणि नेहमीसारखी आत ओरडली, "आले रे!"

मला तरी दुसरं काय म्हणता येतं?