न रडलेले चार महिने

कात्री फरशीवर पडली आणि मी चादरीची टोकं सोडून दिली.

"काही नाही गं, कात्री पडली," आई म्हणाली. तेवीस वर्षं हेच चालू आहे. दार आपटलं, ताट पडलं, कुणी मागून हाक मारली, की माझ्या काळजात लक्कन होणार आणि काय पडलं ते आई मला सांगणार. घरात माझं नावच दचकी. बाबा तर शिंक येण्याआधी मला सूचना देतात.

आई या रुग्णालयाच्या शिवणखोलीत काम करते. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, गाऊनना नाड्या लावायच्या, यातच तिचं आयुष्य गेलं. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मदतीला जाते. चादरीची घडी घालण्याची तिची रीत ठरलेली आहे. एकीने आपली दोन टोकं धरून जागेवर उभं राहायचं, दुसरीने चालत येऊन आपली टोकं तिच्या हातात द्यायची. चालत नेहमी आईच यायची. "तू आपली उभी राहा, वाटेत कुणी खोकलं तर चादर टाकून पळशील," असं वर चिडवायची.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. माझ्या जन्माच्या वर्षी इथे जी मुलं जन्मली, त्यांच्यावर त्यांचा अभ्यास चालतो. दर काही वर्षांनी आमची लाळ घेतात, रक्तदाब बघतात, झोपेची चौकशी करतात. माझी झोप चार तासांच्या वर कधी गेलीच नाही आणि या वर्षी रक्तदाबाची गोळीही मागे लागली होती. मी अशी का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. भित्री म्हणवून घ्यायचा आता कंटाळा आला होता.

बाईंनी एक जुना, पिवळा पडलेला फॉर्म आईपुढे ठेवला.

"ताई, जरा आठवून सांगा. हिच्या शरीरात ताणाचं रसायन कायम चढलेलं दिसतं. मूल पोटात असताना आईवर मोठा आघात झाला, तर काही मुलांमध्ये असं आढळतं. पण गरोदरपणात काही दुःखाचा प्रसंग घडला का, या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"नाहीच," आई ताठ मानेने म्हणाली.

मी खाली बघितलं. मला ठाऊक होतं. मावशीने एकदा सांगितलं होतं की मला एक भाऊ होता, चार वर्षांचा. आईला पाचवा महिना चालू असताना तो तीन दिवसांच्या तापाने गेला, याच इमारतीत. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही. मीही इतकी वर्षं मूग गिळून बसले होते. त्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"आई, आणि दादा?"

आईने शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवला. यंत्र बंदच होतं.

"तो प्रसंग झाला," ती बाईंना म्हणाली. "पण मी तो हिच्यापर्यंत पोचू दिला नाही. सासूबाईंनी बजावलं होतं, रडायचं नाही, पोटातल्याला लागेल. डोळ्यातून टिपूस काढलं नाही मी. चौथ्या दिवशी इथे कामावर. मुलांच्या वॉर्डातल्या चादरी आल्या, त्याही शिवल्या. हिचा जन्म होईपर्यंत चार महिने. विचारा कुणालाही."

एवढ्या अभिमानाने बोलताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. शब्द शोधत होत्या बिचाऱ्या.

"ताई, आपण रडतोय की नाही, हे पोटातल्या बाळाला कळत नाही. दुःख झालं की आपल्या रक्तात ते रसायन वाढतं, त्यातलं थोडं वारेतून, नाळेवाटे बाळाकडे जातं. बाहेर धोका आहे, जपून राहा, असा अंदाज बाळाचं शरीर बांधतं. हिचं तसंच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण तुमचा यात दोष नाही, हे नक्की सांगते."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि आईचा चेहरा बघून ते मला नकोसं झालं.

"म्हणजे," आईने हळूच विचारलं, "मी रडले असते तरी चाललं असतं?"

बाई म्हणाल्या, "चाललं असतं, ताई."

"मग ते 'नाही' खोडा."

बाईंनी खोडलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गेल्या.

काम कुणाला चुकलंय? आम्ही पुन्हा चादर उचलली. मी माझी टोकं धरून उभी राहिले. आई जागची हलली नाही.

"या यंत्राखाली बसायचा," ती म्हणाली. "चिंध्या गोळा करायचा. लाल निघाली तर माझी, म्हणायचा. इथे लाल कापड कुठून येणार? सगळं पांढरंच."

आणि आई रडू लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. चादर जमिनीला लागू नये म्हणून टोकं मात्र तिने घट्ट धरली होती.

मी दचकले. मग माझी दोन टोकं घेऊन तिच्याकडे चालत गेले आणि ती तिच्या हातात दिली.