बारा घरांची चौकट

सपनानं धनीबाईच्या ओट्यावर लॅपटॉप टेकवला आणि चौकट उघडली.

० ४ ० ०
० ० ६ ०
१ ० ० ३

तांड्यातली घरं जशी उभी, तसे आकडे. एक आकडा म्हणजे एका घरातली माणसं. आधी सगळीकडे शून्य भरायचं, मग घर पाहिलं की तिथं खरा आकडा टाकायचा, अशी तिच्या प्रोग्रामची रीत. आठ घरांना कुलपं होती, सपनाच्या माय-बाबांच्या घरालाही. माणसं ऊसतोडीला गेलेली.

बेरीज चौदा. पन्नास माणसं भरली तरच तांड्याला पाण्याची टाकी. नाहीतर दीड किलोमीटरवरची विहीर आहेच. यादी चार वाजता वाशीमच्या कचेरीत जाणार होती.

वाशीमहून साहेबांचा फोन आला.

"शून्य कायले ठेवून राह्यली? पाच भर. घरटी पाच धरतेतच. एका ओळीचं काम हाय."

खरंच एका ओळीचं होतं.

५ ५ ५ ५
५ ५ ५ ५
५ ५ ५ ५

साठ. टाकी झाली.

धनीबाई डोकावली. पडद्यावर आपलं घर कुठलं, हे तिनं सकाळीच विचारून घेतलं होतं.

"माह्या घरात पाच कोण घुसले वं? मी एकटी बुढी!"

सपनानं जीभ चावली. त्या ओळीनं चौकट नव्यानं केली होती. मोजलेली घरंही त्यात गेली.

"चुकलं, काकी."

"मंग मले इचार ना. चाब्या कोणापाशी हायेत?"

फडावर निघताना तांडा चाब्या धनीबाईकडेच ठेवतो. तिनं कमरेचा जुडगा सोडला. एकेक चाबी बोटांत धरून ती बोलू लागली.

"रामधन. सात. ही सेवालालची, चार. बुढी मांगं राह्यतो म्हने, गेली नातवापायी..."

शेवटी सपनानं आपल्या घराचा आकडा टाकला.

७ ४ ५ ३
४ ५ ६ २
१ ६ ३ ३

"किती झाले?"

"एकोणपन्नास. एक कमी."

धनीबाईनं वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे तीन तुमचं ना?"

"हो. माय, बाबा, बबलू."

"चार कर."

"मी वाशीमले राह्यतो, काकी. खोली हाय माही."

"रामधन सहा महिने फडात राह्यते. त्याले धरलं का नाई?"

"त्याचं निराळं."

"कसं?"

धनीबाई उत्तराला थांबली नाही. जुडगा कमरेला खोचून ती चहा ठेवायला आत गेली.

पावणेचार वाजले होते. सपनानं आपल्या घराच्या माणसांची यादी उघडली, चौथं नाव लिहिलं. पुढं राहण्याचं ठिकाण विचारलं होतं. सवयीनं 'वाशीम' टाईप झालं. ते तिनं एकेक अक्षर मागं येत पुसलं.

मग त्या रिकाम्या जागी ती तांड्याचं नाव लिहू लागली.