दोनशे चाळीस व्होल्टचं केळवण

कॅमेरा श्यामला आत्याचा. पुढे कोणाचा, हा प्रश्न.

"आज तनयाच्या केळवणाचे फोटो काढ. कॅमेरा शाबूत राहिला तर तुझा," आत्याने भाच्याला, आमोदला, सांगितलं होतं. "नाहीतर शेजारच्या पियुषला देते. तो निदान विचारून हात लावतो."

रोलचा कॅमेरा, पण आत नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट. जुनं ते दणकट, असं आमोदचं मत. आत्याच्या कसब्यातल्या घरात उजेड कमी, म्हणून त्याने जुन्या बाजारातून फ्लॅश आणला. भलत्याच कंपनीचा. विटेएवढा.

"चालेल का हा?" तनयाने विचारलं.

"बसतो की बरोबर."

"माझा पायही तुझ्या चपलेत बसतो, दादा."

ही त्याची धाकटी बहीण हडपसरला इन्व्हर्टरच्या कंपनीत टेस्टिंगला. मल्टिमीटर पर्समध्ये, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी. त्याच्या वायरचं एक टोक तिने लावलं फ्लॅशच्या बुडाशी, मधल्या बिंदूला. दुसरं कडेच्या पत्र्याला.

सहा व्होल्ट.

"झालं. उगाच घाबरवतेस."

"चार्ज तर होऊ दे."

शिट्टी. बारीक, चढत जाणारी. आकडे तिच्या मागोमाग.

चाळीस.

एकशे सत्तर.

लाल दिवा लागला. दोनशे चाळीस.

"कॅमेऱ्यावर लावून बटण दाबलंस की हे सगळं त्याच्या सर्किटात," तनया म्हणाली. "मग तो पियुषकडेही जायचा नाही."

आमोदने फ्लॅश कॅमेऱ्यापासून हातभर लांब ठेवला.

"फ्लॅशला स्वतःचं बटण आहे ना? मग लावूच नकोस. कॅमेरा स्टँडवर. खोलीत अंधार. शटर उघडं धर, फ्लॅश हातात घेऊन उडव, शटर बंद कर. दोघांची भेटच नको."

पाटावर तनया. एका बाजूला आत्याचे यजमान दीनानाथ काका, दुसऱ्या बाजूला आत्या. डॉक्टरांनी दोघांचंही गोड बंद केलेलं. काकांना आज एका जिलबीची परवानगी होती, आत्याची. आत्याच्या ताटात काकडी.

आमोदने दिवे घालवले.

"सगळ्यांनी इकडे बघा."

"इकडे म्हणजे कुठे? दिसतंय काय?"

"काका, आवाजाकडे."

"आमच्या वेळी फोटो उजेडात काढायचे."

"शटर उघडलंय. हलू नका."

"कोणीतरी हललं. माझ्या ताटाशी."

"अहो, भास होतो तुम्हाला."

लख्ख.

त्या एका क्षणात आमोदला दिसलं: तनया हसरी, काका ताठ. आणि आत्या तनयाच्या मागून वाकलेली, अर्धी जिलबी ओठांत, अर्धी बाहेर.

परत अंधार. शटर बंद. दिवे.

सगळे डोळे चोळत होते.

"माझी जिलबी," काका म्हणाले.

"हं," आत्या म्हणाली. तोंड मिटून.

"आत्या, तुझा फोटो फार छान येणार," आमोद म्हणाला.

आत्या पाणी प्यायली. सावकाश. मग हात पुढे केला.

"आण तो कॅमेरा. जळला-बिळला नाही ना, बघते."

तीस वर्षं तिने तो वापरला होता. तिने पाठीमागचं झाकण उघडलं. ट्यूबलाइटखाली. नीट निरखून पाहिलं.

"अगंबाई. रोल होता होय आत?"

उजेड लागून वाया गेलेली फिल्मची पट्टी चमकत होती.

"कॅमेरा ठणठणीत आहे," आत्या म्हणाली. "तुझा झाला. नवा रोल घाल आणि काढ परत."

तिने काकांच्या ताटात दुसरी जिलबी वाढली, मोठी, आणि दिवे घालवायला स्वतः उठली.

काकांनी ताट उचललं आणि कॅमेऱ्यामागे, आमोदशेजारी येऊन बसले.