तक्रारपेटीतली कुंभारीण

सकाळी सहा चाळीसला मुलुंडच्या त्या सोसायटीत पाण्याचा पंप थांबे, वॉचमन खंडू कॅबिनसमोर पाणी शिंपडे आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका संघमित्राबाई तक्रारपेटीपुढे येऊन उभ्या राहत. ती पेटी कित्येक वर्षांत कोणी उघडली नव्हती. म्हणूनच तिच्या कुलपाच्या भोकात एका कुंभारणीने, म्हणजे चिखलाचे घर बांधून एकटी राहणाऱ्या गांधीलमाशीने, निर्धास्त संसार मांडला होता. आत अंडे आणि त्याच्या शिदोरीला लुळ्या केलेल्या अळ्या, त्यावर चिखलाचे बूच. पुढे मुद्दाम एक खोली रिकामी सोडून पुन्हा बूच. शत्रूने बाहेरचे फोडलेच, तर हाती काही लागू नये.

बांधकाम चालू असताना एक हिरवी, चकाकती माशी पेटीवर बसून असे. मालकीण बाहेर गेली की आत शिरून आपले अंडे घालायचे, एवढाच तिचा उद्योग.

गेल्या बुधवारी सोसायटीतून तांब्याची केबल चोरीला गेली. ती नेणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या गृहस्थाला खंडूने सलाम ठोकून आत सोडले होते. रविवारी सभा भरली. सेक्रेटरी जयवंतरावांनी ठराव मांडला: उद्यापासून सोसायटीच्या ॲपमध्ये नाव नसलेल्या कामवाल्यांना प्रवेश बंद. नाव घालायला ज्याचा त्याचा स्मार्टफोन हवा. अकरा वर्षे इथली पाच घरे सांभाळणाऱ्या द्रौपदीबाईंकडे बटणांचा फोन होता.

"चोर तर लिफ्ट दुरुस्त करणारा बनून आला होता," संघमित्राबाई म्हणाल्या.

"इस्त्रीचा शर्ट होता हो. संशय येणार कसा?" जयवंतराव म्हणाले.

"मग बंदी द्रौपदीताईंना का?"

"कुठूनतरी सुरुवात करायला हवी ना, मॅडम."

संघमित्राबाईंनी मग कुंभारणीचा सगळा बंदोबस्त समजावून सांगितला. नुसत्या भिंतीने भागत नाही. ती दाराकडे तोंड करून बसते, येणाऱ्याला नीट पारखते, असेही सांगितले. जयवंतरावांनी त्यातली रिकामी खोली तेवढी उचलली.

"झकास. लॉबीत आणखी एक दार, मध्ये मोकळी जागा. हा दुसरा ठराव. कामाला आला ना मॅडमचा अभ्यास."

संघमित्राबाईंनी दोन्ही वेळा विरोधात हात वर केला. इतिवृत्तात मात्र लिहिले गेले: 'संघमित्रा मॅडम यांच्या मार्गदर्शनानुसार दोन्ही ठराव मंजूर.'

सोमवारी द्रौपदीबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या.

"पाच घरं एकदम सुटली, ताई. नवी धरायची तर दोन महिने जातील. लेक बाळंतपणाला आलीय."

सभेत बोलून काय होते, ते संघमित्राबाईंना काल कळले होते. त्यांनी पर्समधून फोन काढला. ॲपमध्ये 'कुटुंबातील सदस्य जोडा' असे एक बटण होते. त्याला कोणाची मंजुरी लागत नव्हती.

"इकडे बघा, फोटो काढते."

"पदर नीट करू?"

"आहे तसाच छान आहे."

नाव घातले. नाते विचारले, तिथे यादीतून 'बहीण' निवडले. कॅबिनमधला फोन वाजला. खंडूने स्क्रीन पाहिली, मग द्रौपदीबाईंकडे पाहिले.

"परवापर्यंत कामवाली होती, मॅडम."

"आता घरची आहे. लिहून ठेव हवं तर."

खंडूने काही लिहिले नाही. त्याने फाटक उघडले.