रस्सीच्या टोकाला महिपत

“पाय धरा रे, पाय. कमरेला काय मिठ्या मारताय,” महिपत मोबाइलला सांगत होता.

मोबाइल राकेशचा होता आणि पाण्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता. बागेतल्या अवजारांच्या खोलीत फावडी, खतांच्या गोणी आणि गुंडाळलेले पाइप सरकवून तिघे जेवायला बसले होते. पडद्यावर चढाई करणारा गडी सगळ्यांच्या हातून निसटला आणि रेषेला टेकला. महिपतने हातातली भाकरी खाली ठेवली.

“झालं. एवढे दांडगे गडी, पण एकाला त्याचा घोटा धरता आला नाही.”

“ते हरले म्हणून तुम्ही उपाशी राहणार का, दादा?” कांता म्हणाली.

“हरून ज्याला जेवण गोड लागतं, त्याने खेळू नये.”

“मग मी कशी जेवते रोज? मी तर शाळेपासून कशात पहिली आलेली नाही.”

“ताई, तू खेळतेस कुठे?” राकेश हसला.

“घर चालवते ते काय असतं? तिथे कोण कप देत नाही म्हणून.”

“तेच म्हणतोय मी,” महिपत म्हणाला. “घरी कप नाही, कामावर कप नाही. आपण लावलेल्या झाडांपुढे लोक फोटो काढतात, आणि आपण मधे आलो की सांगतात, काका, जरा बाजूला व्हा. वर्षातून एकदा मैदानावर स्पीकरवरून आपलं नाव घेतात. तेवढं तरी जिंकायला नको?”

 कांतालाही त्या बागेत कित्येकदा बाजूला व्हावं लागलं होतं.

पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडा महोत्सवात रस्सीखेच हा उद्यान विभागाचा खेळ. बाकी खेळांत माळ्यांना कोणी विचारत नसे, पण माती खणून कमावलेले हात रस्सीला बरे पडत. दरवर्षी ते अंतिम फेरीपर्यंत जात आणि दरवर्षी अग्निशमन दलाचे जवान त्यांना फरफटत रेषेपार नेत. त्या हरणाऱ्या संघाच्या टोकाला, रस्सी खांद्यावरून पाठीवर घेऊन, महिपत उभा असे. तरुणपणी टेंभी नाक्याच्या दहीहंडीत तो सगळ्यात खालच्या थरात असायचा. वर कोण चढलं ते त्याला कधी दिसलं नाही; पण आपण हललो तर सगळे पडतील एवढं त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. मे महिन्यात तो निवृत्त होणार होता. म्हणजे हा जानेवारीचा महोत्सव शेवटचा.

राकेश पंप चालू करायला बाहेर गेला. कांताने आवाज खाली आणला.

“सकाळची गोळी घेतली?”

“घेतली.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

“घेतली गं. तू माझ्या बायकोपेक्षा वाईट आहेस.”

“शेवंतीवहिनींना माहीत असतं तर त्यांनी विचारलं असतं. माहीत नाही म्हणून मी विचारते.”

गेल्याच आठवड्यात जास्वंदीच्या कुंपणाशी महिपत छाती धरून खाली बसला होता. त्याला रिक्षात घालून कांतानेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला त्याची बायको समजून सगळं सांगितलं: हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, पुढच्या आठवड्यात तपासणी, बहुतेक ऑपरेशन लागेल, तोवर जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. बाहेर आल्यावर महिपतने तिला जिन्यातच अडवलं. “स्पर्धा होईपर्यंत कोणाला बोलायचं नाही. रतनची शपथ आहे तुला.”

रतन तिचा नवरा. तोही याच बागेत माळी होता आणि महिपतच्या पुढे उभा राहून रस्सी ओढायचा. शीळफाट्यावर त्याला ट्रकने उडवलं आणि त्याच्या जागी कांताला नोकरी लागली. तेव्हा तिला कुदळ कशी धरतात तेही माहीत नव्हतं. बाकीचे तोंड लपवून हसत होते. महिपतने तिला छाटणी शिकवली, कलम शिकवलं, आणि हसणाऱ्यांना एकदाच असं काही सुनावलं की पुन्हा कोणी हसलं नाही. मेलेल्या माणसाची शपथ जिवंत माणसाने घालू नये, हे तिला त्या जिन्यात म्हणायचं होतं. पण महिपतच्या कपाळावरचा घाम पाहून ती गप्प बसली होती. 

“नका ना उतरू, दादा,” ती म्हणाली. “सांगा पाठीत उसण भरली.”

“शेवटच्या वर्षी उसण? अख्खी पालिका म्हणेल म्हातारा घाबरला.”

“म्हणू दे की.”

“तुला नाही कळायचं,” महिपत म्हणाला आणि त्याने राहिलेली भाकरी डब्यात टाकली.

स्पर्धेच्या दिवशी मैदानात मांडव, स्पीकर, नाश्त्याची पाकिटं असा सगळा थाट होता. प्राथमिक फेऱ्या सहज पार पडल्या. पाणीपुरवठ्याचा संघ तर महिपतने जवळजवळ एकट्यानेच ओढला. प्रत्येक फेरीनंतर कांता त्याच्याजवळ पाण्याची बाटली घेऊन जाई आणि तो तिच्याकडे न बघता बाटली घेई. ओढणीच्या टोकाला तिने त्याची जिभेखाली ठेवायची गोळी बांधून आणली होती. मोबाइलमध्ये शेवंतीवहिनींचा नंबर होता. दोनदा तिने तो काढला आणि दोनदा फोन परत पर्समध्ये टाकला.

अंतिम फेरी तीन डावांची. पहिला डाव माळ्यांनी घेतला, तेव्हा मैदानातल्या लोकांना आधी खरंच वाटेना. दुसऱ्या डावात जवानांनी दातओठ खाऊन जोर लावला. महिपतच्या टाचांनी जमिनीत दोन चर पडले, तरी तो उभाच होता. शेवटी सगळा संघच त्याच्यासकट रेषेपार गेला.

बरोबरी झाली होती. पाच मिनिटांची विश्रांती मिळाली. महिपत मातीतच बसला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता आणि डावा हात तो उजव्या हाताने दाबत होता. कांताने गोळी पुढे केली.

“लोक बघतात,” तो पुटपुटला. “जा तू.”

ती राकेशकडे गेली. तो संघाचा कप्तान. दंड चोळत येरझारा घालत होता.

“राकेश, दादांना बदल. दुसऱ्याला लाव मागे.”

“काय झालं?”

“दमलेत ते.”

“दमलेत सगळेच, ताई. बघ जवानांना पण, कुत्र्यासारखे धापा टाकतायत. काकांना आता काढलं तर काकाच मला मारतील. लास्ट इयर आहे त्यांचं, जिंकून देऊ ना त्यांना.”

“राकेश, मी सांगते ते ऐक.”

“अगं पण का? काय ते बोल ना सरळ.”

तिने तोंड उघडलं. पलीकडून महिपत तिच्याकडेच बघत होता. ती नजर धमकीची असती तर ती बोलली असती. पण तो विनवत होता. त्या दांडग्या माणसाला असं विनवताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याचा भयंकर राग आला.

“काही नाही,” ती म्हणाली.

पंचांनी स्पीकरवरून नियम पुन्हा सांगितला: बाहेरच्या कोणी रस्सीला हात लावला तर त्या बाजूचा संघ बाद. दोन्ही संघ वाकले. महिपतने रस्सी खांद्यावरून घेतली, पाय रोवले आणि डोळे मिटले. पंचांचा हात वर गेला.

कांता चालत मैदानात शिरली. धावली नाही, ओरडली नाही. महिपतच्या पुढ्यात रस्सी दोन्ही हातांनी धरली आणि फतकल मारून खाली बसली.

“ओ बाई, बाजूला व्हा,” पंच ओरडले.

ती हलली नाही. आधी लोक हसले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. राकेशने तिचे हात रस्सीवरून सोडवायचा प्रयत्न केला. “ताई, वेड लागलं का तुला? का करतेस हे?” एक वाक्य बोलली असती तर तीच गर्दी तिला शहाणी म्हणाली असती. पण रतनची शपथ होती, आणि महिपतला लोकांपुढे आजारी म्हणून उभं करायचं तिच्या जिभेवर येईना. रस्सी धरायची नाही अशी शपथ मात्र तिला कोणी घातली नव्हती.

पंचांनी संघ बाद केला. अग्निशमन दलाचं नाव जाहीर झालं. महिपतने खांद्यावरची रस्सी उतरवली आणि तिच्या अंगावरून पलीकडे जाताना एवढंच म्हणाला, “यापेक्षा मेलो असतो तर बरं.”

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

महोत्सव संपताच त्याने लांबलचक रजा टाकली. गावी घराचं काम काढलंय, असं सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते शेवंतीवहिनींनी फोनवर सांगितलं. बायपास झाली होती, आंबिवलीच्या घरी तो झोपून होता. “भेटायला येऊ का?” कांताने विचारलं. वहिनी हळूच म्हणाल्या, “नको म्हणतात हो ते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझं कुंकू राहिलं ते तुमच्यामुळे.” कांताने फोन ठेवला आणि पंपाच्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं.

बागेत तिला रोज टोमणे खावे लागत. कोणी पाइप ओढताना म्हणे, ताईला आधी विचारा, नाहीतर बसेल त्याच्यावर. राकेश तर कामापुरतंच बोले. अग्निशमन दलाकडून पैसे खाल्ले असतील, असंही कोणीतरी बोललं. ती ऐकून घेई. महिपत एप्रिलच्या शेवटी कामावर आला तो बारीक होऊन, गळ्यापर्यंत बटणं लावून. हलकीसलकी कामं करायचा. कांताला टोमणे मारलेले त्यालाही ऐकू येत. तो मान खाली घालून कुंड्या सारख्या करत बसे. हेच तिला सगळ्यात जास्त लागे. हरल्याचा राग तिला समजत होता. पण एका शब्दाने तिला सोडवणं त्याच्या हातात होतं आणि तो शब्द तो काढत नव्हता.

मे अखेरीस अवजारांच्या खोलीबाहेर निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, समोसे, आणि हजेरीपुरते आलेले एक साहेब. साहेब गेल्यावर राकेश बोलायला उभा राहिला.

“काकांनी आम्हाला खूप शिकवलं. एकच राहिलं. कप आज इथे टेबलावर असता,” त्याने कांताकडे पाहिलं, “पण आमच्या ताईला नेमकं तेव्हाच बसावंसं वाटलं.”

सगळे हसले. कांता समोशाच्या कागदाच्या घड्या घालत राहिली.

महिपत उठला. बोलेल असं वाटलं, पण त्याने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि शर्टाची बटणं सोडू लागला. एक, दोन, मग सगळीच. छातीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत टाक्यांचा जाड, तांबूस व्रण होता. हसणं थांबलं.

“गावी घर बांधत नव्हतो,” तो म्हणाला. “स्पर्धेच्या आधीपासून हिला माहीत होतं. मी शपथ घातलेली हिला, बोलू नकोस म्हणून. ती बोलली नाही. मग तुम्ही बोलत होतात, तरी मी बोललो नाही.”

राकेश पायाकडे बघू लागला.  महिपत बटणं लावायला लागला, पण आता बटण काही केल्या काजात जाईना. दोघे-तिघे पुढे सरकले, मग कांताकडे बघून थबकले. जणू ते काम तिचंच होतं.

कांता जागची उठली नाही. वेळ लागला, पण सगळी बटणं त्याची त्यानेच लावली.